कच्च्या वहीतला डाळिंबी : रॉ फोटोतून रंग काढायला शिकताना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यामुळे तीन साड्या परत आल्या.

माझ्या मामाचं साड्यांचं दुकान हुबळीत, दाजीबानपेठेत आहे. मुंबईच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते, हुबळी म्हणजे कर्नाटकातलं हुब्बळ्ळी आणि दाजीबानपेठ ही तिथली जुनी बाजारपेठ. दुर्गदबैलची गर्दी जवळच. पेठेत सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचं तुळजाभवानीचं मंदिर आहे. दुकानाच्या पायरीवर पाच मिनिटं उभं राहिलं, तर एकाच गिऱ्हाइकाच्या तोंडून कन्नड, मराठी आणि हिंदी तिन्ही ऐकायला मिळतात. मामाकडे मुख्य माल इरकलीचा. ही साडी बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची, म्हणून कन्नडमध्ये इळकल आणि आपल्याकडे इरकल. टोपपदर लाल रेशमाचा, त्यात पांढरी नक्षी आणि अंग डाळिंबी, मोरपंखी, राघू अशा रंगांचं.

मामा म्हणाला, "तू कॉलेजात फोटोबिटो काढतीस म्हणं. आमच्या साड्यांचे काढून दे की. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो." मी एका दुपारी, दुकानातल्या दिव्यांखाली चाळीस फोटो काढले. सगळे थोडे मळके वाटत होते. मग मोबाइलवरच सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढली. फोटो असे झळकले की ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. सहा साड्यांची मागणी आली. त्यातल्या तीन परत आल्या.

पुण्याच्या एका बाईंचा फोन मीच उचलला होता. मुलीच्या लग्नात विहीणबाईंना द्यायची साडी होती. फोटोत दिसला तो रंग चक्क राणी. त्यावर जुळतील अशा बांगड्याही त्यांनी घेऊन ठेवल्या होत्या. साडी हातात आली ती डाळिंबी. बाई चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फोटो बघूनच घेतली होती हो." मामानं पैसे परत केले, जाण्यायेण्याचं कुरिअर स्वतः भरलं आणि मला म्हणाला, "असू दे गं." दुसऱ्या दिवसापासून त्यानं माझे फोटो ग्रुपवर टाकणं बंद केलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

उरलेल्या सुट्टीत मी रॉ फोटोचं संपादन शिकले. काय शिकले, ते इथे क्रमानं लिहिते. कॅमेरा नसला तरी चालेल. आता बऱ्याच मोबाइलच्या प्रो मोडमध्ये रॉ फोटो काढता येतो.

१. कच्ची वही आणि पक्की पावती

मामाच्या गल्ल्याशेजारी एक कच्ची वही असते. दिवसभरात जे घडेल ते तीत पडतं : कोणी काय नेलं, किती सोडलं, काय उधार. रात्री त्यावरून पक्का हिशेब होतो. गिऱ्हाइकाच्या हातात पडते ती पावती. पावती सुटसुटीत असते, पण तिच्यावरून पूर्ण दिवस परत उभा करता येत नाही.

जेपेग ही पावती आहे. कॅमेऱ्यानं स्वतःच्या मनानं उजेड ठरवला, रंग ठरवला, बाकीचं टाकून दिलं आणि आवळून छोटी फाइल दिली. रॉ ही कच्ची वही. सेन्सरवर जेवढा उजेड पडला तेवढ्याची नोंद, निर्णय अजून व्हायचेत.

आकड्यांत सांगायचं तर जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा यांपैकी प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच १६,३८४ असतात. मी जेपेगवर सॅच्युरेशन ओढलं, तेव्हा मुळातच थोड्या असलेल्या पायऱ्या मी ताणत होते. दोन पायऱ्यांमध्ये फट पडते आणि मग कापडाच्या मऊ चढउताराऐवजी रंगाचे पट्टे दिसतात.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. सेन्सरला स्वतःला रंग कळतच नाही, त्याला फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक बिंदूवर एक रंगीत चाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी ही मांडणी शोधली. १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. दर चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण उजेडाचे बारकावे आपल्या डोळ्याला हिरव्यात सगळ्यांत जास्त कळतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत लाल मोजणारे बिंदू फक्त ६० लाख. बाकी ठिकाणचा लाल हा सॉफ्टवेअरनं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून बांधलेला अंदाज. लाल साडीची वीण हिरव्या साडीपेक्षा मऊ, धूसर का दिसते, याचं एक कारण हे.

२. आधी उजेड बघा

आता खरी चूक. ती सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधीच झाली होती.

दुकानात पांढरेशुभ्र एलईडी दिवे आहेत. एखाद्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं एक माप असतं, सीआरआय. पण हे माप आठ फिकट रंगांवरून काढतात. गडद लाल त्या आठांत नाही. तो वेगळा, नववा मोजावा लागतो. स्वस्त एलईडी नेमका इथेच कमी पडतो. त्याच्या उजेडात गडद लाल भागच थोडा असतो. जो उजेड दिव्यातून निघालाच नाही, तो साडीवरून परतणार कसा आणि कच्च्या वहीत नोंदला जाणार कसा? रॉ असो की आणखी काही, न झालेल्या व्यवहाराची नोंद सापडत नाही.

मग आपल्याला दुकानात साडी ठीकठाक का दिसते? कारण आपला मेंदू उजेडाचा रंग वजा करून बघतो. २०१५ च्या फेब्रुवारीत एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर भांडण झालं होतं, आठवत असेल. काहींना तो निळा-काळा दिसला, काहींना पांढरा-सोनेरी. ड्रेस होता निळा-काळाच. तो सावलीत आहे असं ज्यांच्या मेंदूनं धरलं, त्यांनी निळसरपणा उजेडाच्या खात्यात टाकला आणि त्यांना पांढरा दिसला. कॅमेरा अशी समजूत घालून घेत नाही.

गंमत म्हणजे याचं उत्तर मी लहानपणापासून बघत आले होते. मामा महाग साडी कधीच आत दाखवून विकत नाही. घडी उचलतो, पायरीवर येतो, पदर उलगडतो आणि म्हणतो, "उजेडात बघा, मग घ्या." मी चाळीस फोटो काढले तेव्हा त्याच पायरीपासून सहा फुटांवर उभी होते.

नंतरचे सगळे फोटो मी सकाळी दहाच्या सुमारास पायरीवर काढले. थेट ऊन नाही, मोकळ्या आकाशाची सावली. आणि आतले दिवे बंद. दारातून आकाशाचा उजेड आणि मागून एलईडी असे दोन उजेड एका साडीवर पडले, तर एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते.

३. पांढरं ते पांढरं

मी डार्कटेबल वापरलं. ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. रॉथेरपी तसंच. मोबाइलवर स्नॅपसीडमध्येही रॉ फाइल उघडते. नावं थोडी इकडेतिकडे होतील, पण पट्ट्या त्याच. या सगळ्यांत मूळ फाइलला हात लागत नाही. तुमचे बदल शेजारी वेगळे टिपून ठेवले जातात. त्यामुळे बिनधास्त चुका.

पहिली पट्टी व्हाइट बॅलन्सची. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पिवळ्या बल्बचा सुमारे २,७००, भर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५००, मोकळ्या सावलीचा ७,००० च्या पुढे. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. इथे नवखी माणसं हमखास गोंधळतात, मीही गोंधळले. पट्टी ७,००० कडे नेली की फोटो निळा न होता पिवळसर होतो. कारण आपण सॉफ्टवेअरला सांगत असतो की उजेड निळा होता, आणि ते त्याची भरपाई करतं.

दुसरी पट्टी टिंटची, हिरवा ते गुलाबी. ट्यूब आणि एलईडीच्या फोटोत हिरवट झाक आली तर ती इथे निघते.

अंदाजानं पट्ट्या ओढण्यापेक्षा ड्रॉपर बरा. फोटोतल्या रंगहीन जागेवर तो टेकवला की बाकी हिशेब आपोआप जुळतो. पण ती जागा खरंच रंगहीन हवी. मी पहिल्यांदा टोपपदरातल्या पांढऱ्या रेशमावर टेकवला. सगळी साडी निळसर पडली. ते रेशीम पांढरं नव्हतं, सायीच्या रंगाचं होतं. मग झेरॉक्सचा कागद ठेवून बघितला, तर फोटो पिवळट. कागद जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं द्रव्य घालतात, ते दिवसाच्या उजेडात निळसर चकाकतं. शेवटी फोटोग्राफीच्या दुकानातून करडं कार्ड आणलं. प्रत्येक साडीचा पहिला फोटो कार्डासकट काढायचा, त्यावर ड्रॉपर टेकवायचा आणि तोच आकडा पुढच्या फोटोंना लावायचा.

४. लाल ओसंडू देऊ नका

दुसरी पायरी उजेडाची, म्हणजे एक्स्पोजरची. फोटोत अंधाराकडे किती आणि उजेडाकडे किती बिंदू आहेत हे हिस्टोग्रामच्या डोंगरावरून कळतं. डोंगर उजव्या भिंतीला चिकटला की तिथली नोंद संपली. भांडं भरून वाहिल्यावर किती पाणी आलं होतं ते सांगता येत नाही, तसं.

इरकलीच्या बाबतीत फसवणूक अशी होते की एकूण डोंगर मजेत मध्यावर असतो आणि एकटा लाल भिंतीवर आपटलेला असतो. मग डाळिंबी अंगावरची वीण, घडीची सावली, सगळं एका सपाट लाल ठिगळात बुडतं. म्हणून तिन्ही रंगांचे डोंगर वेगवेगळे दाखवणारा हिस्टोग्राम उघडा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा डोंगर बहुधा जेपेगवरून काढलेला असतो, तो थोडा आधीच घाबरवतो. रॉमध्ये त्याहून किंचित जागा शिल्लक असते.

उलट टोकाला, फार अंधारा फोटो काढून नंतर उजळायचा हाही उपाय नाही. रॉच्या नोंदीत सगळ्यांत उजळ टप्प्याला एकूण पायऱ्यांपैकी निम्म्या मिळतात, त्याखालच्याला त्याच्या निम्म्या, असं उतरत जातं. अंधाराच्या वाट्याला मूठभर उरतात. ते ताणले की दाणे दिसू लागतात. म्हणून लाल भिंतीला न लागता जितका उजेड घेता येईल तितका घ्यायचा.

५. रंग वाढवणं आणि रंग खोल करणं

आता रंगांच्या पट्ट्या. इथेच माझा हात सर्वांत जास्त शिवशिवत होता.

सॅच्युरेशन सगळ्या रंगांना सारखं ढकलतं. जो आधीच गडद आहे तोही ढकलला जातो आणि ओसंडतो. व्हायब्रन्स फिकट रंगांना जास्त आणि गडद रंगांना कमी उचलतं. लाल अंग आणि सायीचं रेशीम एकाच फोटोत असताना हा फरक लगेच दिसतो. मी आता आधी व्हायब्रन्स थोडं वाढवते आणि सॅच्युरेशनला शक्यतो हात लावत नाही.

पण डाळिंबी सापडला तो तिसऱ्याच ठिकाणी. प्रत्येक रंगासाठी तीन वेगळ्या पट्ट्या असतात. ह्यू म्हणजे रंगाची जात : लाल नारिंगीकडे झुकतो की गुलाबीकडे. सॅच्युरेशन म्हणजे त्याचा दाटपणा. ल्युमिनन्स म्हणजे तो किती उजळ. मी फक्त लालाचं ल्युमिनन्स थोडं खाली आणलं आणि ह्यू गुलाबीकडून केसभर मागे घेतला. दाटपणा वाढवलाच नाही. आणि रंग एकदम खोल झाला. मला हवी ती भर मी आजवर आवाज चढवून शोधत होते. ती आवाज उतरवल्यावर मिळाली.

एक मर्यादा सांगायला हवी. धूपछाँव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. अशा साडीचा एकच खरा फोटो नसतो. दोन कोनांतून दोन फोटो काढायचे आणि दोन्ही दाखवायचे.

६. साडी शेजारी ठेवून

संपादन करताना मी साडी मांडीवर घेऊन बसायचे, खिडकीशी. लॅपटॉप आणि साडी, दोन्हीकडे आळीपाळीनं बघायचं. वीस मिनिटांनी डोळा पडद्याला सरावतो आणि काहीही बरोबर वाटू लागतं, तेव्हा उठून बाहेर जाऊन यायचं. पडद्याचा रात्रीचा पिवळसर मोड बंद आहे ना, हे दर वेळी तपासायचं. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात वाया घालवली आहे.

शेवटी फाइल बाहेर काढताना रंगाची चौकट एसआरजीबी ठेवा. बहुतेक पडदे तीच धरून चालतात. मोठ्या चौकटीत पाठवलेला फोटो काही मोबाइलवर फिका पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो आवळला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो.

आणि एवढं करूनही समोरच्याचा मोबाइल भडक रंगांवर लावलेला असेल तर आपला इलाज नाही. म्हणून फोटोखाली रंगाचं नाव लिहायचं. हे मामानं सुचवलं.

७. रंगाला नाव हवं

नाव लिहायला बसले आणि लक्षात आलं की मला नावंच येत नाहीत. मी लिहिलं, "डार्क रेड." मामानं खोडलं. "डाळिंबी म्हण." पुढच्या साडीला मी पुन्हा डाळिंबी लिहिलं. "हे न्हवं गं, हे आमसुली." मग गुलबक्षी, वांगी, अंजिरी, विटकरी. निळ्याहिरव्याच्या घरात मोरपंखी वेगळा, चिंतामणी वेगळा. जोपर्यंत मला डाळिंबी आणि आमसुली या दोन शब्दांतलं अंतर माहीत नव्हतं, तोपर्यंत मी ह्यूची पट्टी कुठे थांबवायची हे ठरवूच शकत नव्हते. सॉफ्टवेअर लाल म्हणून एकच पट्टी देतं. त्या पट्टीवरची गावं आपल्या भाषेत आहेत.

हुबळीपासून वीसेक किलोमीटरवर धारवाड. तिथे जी. ए. कुलकर्णी यांनी वर्षानुवर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि कथा मराठीत लिहिल्या. त्यांच्या संग्रहांची नावं ओळीनं बघा : 'निळासावळा' १९५९, 'पारवा' १९६०, 'हिरवे रावे' १९६२, 'रक्तचंदन' १९६६, 'काजळमाया' १९७२. यांतलं एकही नाव नुसतं निळा, हिरवा, लाल, काळा म्हणून थांबत नाही. वाङ्मय मंडळात आपण ही पुस्तकं वाचतो, पण त्यांच्या नावांत रंगांची एवढी बारीक पारख आहे, हे मला साड्यांचे फोटो खोडताना कळलं.

आपल्या अंकासाठी आलेला लेख तपासतो त्यालाही आपण संपादन म्हणतो आणि यालाही. लेख तपासताना लेखकाच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं नाही, हा आपल्याकडचा पहिला नियम. त्याचं म्हणणं स्पष्ट व्हावं म्हणून हात फिरवायचा. मी साडीच्या तोंडी माझं वाक्य घातलं होतं, आणि त्याचा भुर्दंड मामानं भरला.

सुट्टी संपायच्या आधी परत आलेल्या डाळिंबी साडीचा फोटो मी नव्यानं काढून मामाला दाखवला. त्यानं मोबाइल घेतला, पायरीवर गेला, साडीशेजारी धरला आणि काही न बोलता ग्रुपवर टाकला. पुण्याच्या बाईंनाही मी तो पाठवला, सोबत माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं : "हो, हाच रंग होता. आता लग्न होऊन गेलं बाळा." तो निरोप मी पुसलेला नाही.

करून बघा

एक. घरातली एक जुनी साडी किंवा खण घ्या. एक फोटो ट्यूबखाली, एक सावलीतल्या उजेडात काढा, दोन्ही रॉमध्ये. ट्यूबखालचा दुसऱ्यासारखा करता येतो का बघा. कुठे अडलात ते लिहून ठेवा.

दोन. व्हाइट बॅलन्स करड्या कार्डावरून लावा. कार्ड नसेल तर चमक न घातलेला साधा करडा पुठ्ठा चालेल.

तीन. सॅच्युरेशनला हात न लावता, फक्त ल्युमिनन्स आणि ह्यू वापरून रंग जुळवा. साडी शेजारी हवीच.

चार. घरातल्या मोठ्या माणसाला त्या रंगाचं नाव विचारा. आई, आजी, मावशी यांची उत्तरं एक येतीलच असं नाही.

फोटो आणि नाव दोन्ही मंडळाकडे पाठवा. पुढच्या अंकात आपल्या घरांतल्या रंगांची यादी छापायची, असं ठरवू या. नुसतं 'लाल' लिहून पाठवलं तर परत येईल.